पांडुरंग वासुदेव सुखात्मे

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै १९११, बुध, सातारा जिल्हा – २८ जानेवारी १९९७, पुणे) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. नमुना पाहणीचे शास्त्र, शेती उत्पन्नाचे मोजमाप आणि मानवी आहारातील ऊर्जेची गरज या तीन क्षेत्रांत त्यांनी मूलभूत काम केले. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या रोम येथील सांख्यिकी विभागाचे ते संचालक होते. जगातील किती माणसे उपाशी आहेत, या प्रश्नाचे संख्याशास्त्रीय उत्तर देण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. निरोगी माणसाची उष्मांकांची गरज ही एक ठरावीक संख्या नसून ती एका मर्यादेत सतत बदलत असते आणि शरीर त्या मर्यादेत स्वतःचे संतुलन राखते, हा त्यांचा सिद्धान्त विशेष गाजला. त्यावरून भारतातील दारिद्र्य व न्यूनपोषण यांच्या मोजमापाविषयी दीर्घकाळ वाद झाला. भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

शिक्षण

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात बुध या गावी झाला. खटाव-माण हा सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडील कमी पावसाचा भाग असून ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती हे त्याचे वैशिष्ट्य आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी १९३२ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवली. पुढील शिक्षणासाठी ते १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

त्या काळी युनिव्हर्सिटी कॉलेज हे आधुनिक संख्याशास्त्राचे जगातील प्रमुख केंद्र होते. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन आणि जर्झी नेमन हे तिघेही तेथे होते. समग्राची लहान लहान स्तरांत विभागणी करून प्रत्येक स्तरातून यादृच्छिक नमुना कसा निवडावा, याचे गणित नेमन यांनी नुकतेच मांडले होते. सुखात्मे यांचे आरंभीचे संशोधन याच विषयावर झाले. याखेरीज भिन्न विचरण असलेल्या दोन गटांच्या सरासरींची तुलना करण्यासाठी उपयोगी पडणारी कोष्टके त्यांनी तयार केली. ती फिशर यांच्या पद्धतीचा वापर करणाऱ्यांना अनेक वर्षे उपयुक्त ठरली. लंडन विद्यापीठाने त्यांना १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. या पदव्या दिल्या.

भारतात परतल्यानंतर पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी त्यांची भेट झाली. या विद्येचा देशातील गरीब माणसाला काय उपयोग, असा प्रश्न मालवीयांनी त्यांना विचारल्याची हकिकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. शुद्ध गणिती संशोधनाकडून शेती आणि अन्न या विषयांकडे वळण्यामागे ही भेट कारणीभूत ठरली, असे मानले जाते. काही काळ त्यांनी कलकत्ता येथील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत काम केले. १९४० मध्ये ते दिल्लीला तत्कालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेत रुजू झाले. हीच संस्था आज भारतीय कृषी संशोधन परिषद या नावाने ओळखली जाते.

पीक कापणी प्रयोग

सुखात्मे दिल्लीत आले तेव्हा शेतीच्या उत्पन्नाचे सरकारी आकडे महसूल कर्मचाऱ्यांच्या नजर अंदाजावर अवलंबून होते. सामान्य वर्षातील उत्पन्न सोळा आणे धरून चालू हंगामाचे पीक किती आणे आहे, हे डोळ्यांनी पाहून ठरवले जाई. शेतसाऱ्यातील सूट या आकड्यावर ठरत असल्याने त्यात कमी-अधिक होण्यास वाव राही. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने अन्नधान्याच्या विश्वसनीय आकडेवारीची निकड सर्वांच्या लक्षात आणून दिली.

या परिस्थितीत सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक नमुना पद्धतीवर आधारलेले पीक कापणी प्रयोग देशाच्या अनेक प्रांतांत सुरू केले. या पद्धतीत तालुका किंवा तहसील हा स्तर धरला जातो. त्यातून यादृच्छिक रीतीने गावे, गावांतून त्या पिकाची शेते आणि प्रत्येक शेतातून ठरावीक मापाचा एक तुकडा निवडला जातो. त्या तुकड्यातील पीक प्रत्यक्ष कापून, मळून आणि वजन करून एकरी उत्पन्न काढले जाते. हे काम गावातील महसूल व कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावे, असा सुखात्मे यांचा आग्रह होता. त्यामुळे खर्च कमी होतो आणि पद्धत कायमची रुजते, अशी त्यांची भूमिका होती.

कापणीच्या तुकड्याचे माप किती असावे, यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी मतभेद झाला. बंगालमधील पाहण्यांत महालनोबीस यांनी लहान तुकडे वापरले होते. लहान तुकड्याच्या कडेवरील रोपे आत धरावीत की बाहेर, हे ठरवताना कर्मचाऱ्याचा कल रोपे आत घेण्याकडे असतो, असे सुखात्मे यांनी दाखवले. तुकडा जितका लहान, तितका कडेचा हिस्सा मोठा, आणि म्हणून उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसते. या विषयावरील त्यांचा लेख १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे देशभर मोठ्या तुकड्यांची पद्धत रूढ झाली.

या प्रयोगांचे महत्त्व महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण जिल्ह्यांत आजही प्रत्ययास येते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या तालुक्यांत खरीप व रब्बी हंगामाची पैसेवारी काढताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. पीक विम्याच्या भरपाईचा हिशोबही अशाच कापणीवरून होतो. एखाद्या गावाला टंचाईच्या सवलती मिळणार की नाही, हे अखेर शेतातील काही तुकड्यांच्या वजनावर ठरते. तुकडा कसा निवडला आणि कडेची रोपे कशी मोजली, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

सुखात्मे यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या विभागातूनच पुढे दिल्ली येथील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था आकाराला आली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी सांख्यिकी सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. या काळातील अनुभवावर आधारलेला त्यांचा नमुना सर्वेक्षणावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरातील विद्यापीठांत तो पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला.

रोम येथील कार्य आणि भुकेचे मोजमाप

१९५० च्या दशकाच्या आरंभी सुखात्मे अन्न व कृषी संघटनेत दाखल झाले. सुमारे दोन दशके त्यांनी तेथील सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. सदस्य देशांत कृषी गणना करणे, अन्नधान्याचे ताळेबंद तयार करणे आणि विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना नमुना पाहणीचे शिक्षण देणे ही कामे या काळात झाली.

त्या वेळी जगातील दोन-तृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे विधान सर्रास केले जाई. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांच्या नावाने ते प्रसिद्ध होते. देशातील एकूण अन्नाला लोकसंख्येने भागून आलेली सरासरी आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेली सरासरी गरज यांची थेट तुलना करून असे अंदाज बांधले जात. सुखात्मे यांनी या रीतीतील दोष दाखवला. सरासरी पुरेशी असली तरी वाटप विषम असल्यास अनेक जण उपाशी राहू शकतात. उलट, सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी असतोच असे नाही, कारण माणसामाणसांच्या गरजा भिन्न असतात.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी पर्यायी पद्धत मांडली. घरोघरच्या आहाराच्या पाहण्यांवरून उष्मांकांच्या सेवनाचे वितरण काढावे, निरोगी माणसांच्या गरजेतील स्वाभाविक फरक लक्षात घेऊन एक खालची मर्यादा ठरवावी आणि तिच्याखाली किती लोक येतात ते मोजावे, असे तिचे स्वरूप होते. त्यांच्या हिशोबानुसार जगातील सुमारे १० ते १५ टक्के लोक उष्मांकांच्या दृष्टीने उपाशी होते. आहाराचा निकृष्ट दर्जाही जमेस धरला, तर भूक किंवा कुपोषण यांनी ग्रस्त असलेल्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत जाई. या कामासाठी सोसायटीने १९६३ मध्ये त्यांना गाय पदक (रौप्य) प्रदान केले. न्यूनपोषितांच्या संख्येचा अंदाज करताना अन्न व कृषी संघटना आजही जी पद्धत वापरते, तिचा पाया हाच आहे. पद्धतीत पुढे अनेक सुधारणा झाल्या असल्या, तरी वितरण आणि खालची मर्यादा ही तिची चौकट कायम राहिली.

प्रथिने की उष्मांक

१९६० च्या दशकात विकसनशील देशांतील मुख्य पोषणसमस्या प्रथिनांच्या अभावाची आहे, असे मानले जात होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येत असल्याचा इशारा दिला. माशांची भुकटी, तेलबियांच्या पेंडीपासूनचे पीठ आणि कृत्रिम प्रथिने यांच्या योजनांवर मोठा खर्च होऊ लागला.

सुखात्मे यांनी भारतातील आहार पाहण्यांच्या आकडेवारीच्या आधारे या मताला विरोध केला. ज्वारी, बाजरी, गहू यांसारखी तृणधान्ये आणि थोडी डाळ यांचा आहार पोटभर मिळाला, तर प्रौढ माणसाची प्रथिनांची गरज बहुतेक वेळा भागते, असे त्यांनी दाखवले. खरी उणीव एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची असते. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते आहारातील प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. म्हणून उपाशी माणसाला केवळ प्रथिनांची पावडर देण्याने त्या प्रथिनांचा मोठा भाग ऊर्जेसाठीच खर्ची पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनीही मुलांच्या आहाराचा अभ्यास करून याच आशयाचे निष्कर्ष काढले होते. १९७३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस कमी केली. त्यानंतर प्रथिनांच्या दरीचा सिद्धान्त मागे पडला.

ऊर्जेचे संतुलन आणि आत्मनियमन

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यास परतले. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत राहून त्यांनी पोषणावरील संशोधन सुरू ठेवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील शेल्डन मार्गेन यांच्या सहकार्याने त्यांनी १९७८ मध्ये प्रथिनांविषयी आणि १९८२ मध्ये ऊर्जेच्या संतुलनाविषयी लिहिलेले निबंध या काळातील सर्वांत महत्त्वाचे मानले जातात.

या संशोधनामागील निरीक्षण साधे आहे. इंग्लंडमध्ये एल्सी विडोसन यांनी १९४७ मध्ये मुलांच्या आहाराचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच वयाच्या व लिंगाच्या निरोगी मुलांमध्येही एक जण दुसऱ्याच्या दुप्पट अन्न खात असल्याचे त्यांना आढळले. पुढे विडोसन, एडहोम आणि मॅक्कन्स यांनी लष्करी छात्रांचे सेवन व खर्च यांच्या दैनंदिन नोंदी अभ्यासल्या. एका दिवसात खाल्लेले उष्मांक आणि त्याच दिवशी खर्च झालेले उष्मांक यांचा मेळ बसत नव्हता. साधारण दोन आठवड्यांच्या सरासरीत मात्र तो बसू लागे.

सुखात्मे यांनी अशा नोंदींकडे कालश्रेणी म्हणून पाहिले. दररोजचे फरक परस्परांपासून स्वतंत्र असते, तर आठवड्याच्या सरासरीतील चढउतार फार लवकर कमी व्हायला हवे होते. ते तितक्या वेगाने कमी होत नाहीत. आजचे सेवन कालच्या व परवाच्या सेवनाशी बांधलेले असते. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की शरीरात नियमनाची एक यंत्रणा आहे. ती सेवन कमी असताना ऊर्जेचा वापर अधिक काटकसरीने करते आणि सेवन जास्त असताना अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. या यंत्रणेला त्यांनी आत्मनियमन म्हटले. त्यांच्या मते निरोगी माणूस काही मर्यादांच्या आत वजन न बदलता आणि काम न घटवता कमी-अधिक खाऊ शकतो.

या मांडणीचा व्यावहारिक परिणाम पुढील उदाहरणावरून ध्यानात येतो. समजा, एखाद्या गटाची सरासरी गरज २,५०० उष्मांक आणि गरजेतील प्रमाण विचलन ३०० उष्मांक आहे. जुन्या रीतीने २,५०० पेक्षा कमी खाणारा माणूस न्यूनपोषित ठरेल. सुखात्मे यांच्या रीतीने सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करावी लागते. म्हणून १,९०० पेक्षा कमी खाणाराच न्यूनपोषित ठरतो. रेषा ६०० उष्मांकांनी खाली सरकते आणि तिच्याखालील माणसांची संख्या कितीतरी घटते. या एका वजाबाकीत पुढील सर्व वादाचे मूळ आहे.

वजन, स्निग्ध पदार्थ आणि आत्मनियमनाच्या मर्यादा

सुखात्मे यांच्या अभ्यासाचा विषय न्यूनपोषण हा होता. वजन घटवणे हा नव्हता. तथापि ऊर्जेच्या संतुलनाचा त्यांनी चर्चिलेला प्रश्न दोन्हीकडे समान आहे आणि म्हणून आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे काम या संदर्भातही अभ्यासावे लागते.

आहारातील एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने यांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. त्यामुळे तेल, तूप, शेंगदाणे यांसारखे पदार्थ थोड्या आकारमानात पुष्कळ ऊर्जा देतात. उदाहरणार्थ, अहिल्यानगर आणि लगतच्या कोरडवाहू पट्ट्यातील नित्याच्या आहारात बाजरी व ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांना मोठे स्थान आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ३६० उष्मांक आणि ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे ५६५ उष्मांक व ४० ग्रॅम स्निग्धांश असतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला चटणी व तेल यांमुळे भाकऱ्यांची संख्या न वाढवता ऊर्जा मिळते. बैठे काम करणाऱ्याच्या ताटात हाच गुण वजनवाढीस कारण ठरू शकतो. असे असले तरी स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणे योग्य नाही. काही स्निग्धाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांच्या शोषणासाठीही आहारात स्निग्धांश लागतो. वजन घटणे हे अखेर एकूण ऊर्जेच्या तुटीवर अवलंबून असते आणि स्निग्धांश हा त्या एकूण हिशोबाचा एक भाग असतो.

या तुटीला शरीर कसा प्रतिसाद देते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केलेल्या प्रयोगात दिसून आले. ३६ स्वयंसेवकांना सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्चही बराच कमी झाला. म्हणजे शरीर काटकसर करते, हे खरे ठरले. पण ही काटकसर वजन घटून, हालचाल मंदावून आणि उत्साह मावळून साधली गेली होती. वजन घटवू पाहणाऱ्या व्यक्तीला सुरुवातीच्या आठवड्यांनंतर घट मंदावल्याचा जो अनुभव येतो, त्याचे एक कारण हेच आहे. घटलेल्या वजनाच्या शरीराला कमी ऊर्जा पुरते आणि आधीची तूट आपोआप लहान होते.

एका दिवसाच्या सेवनावरून किंवा एका सकाळच्या वजनावरून निष्कर्ष काढू नये, हा सुखात्मे यांच्या विश्लेषणातून निघणारा बोधही येथे लागू पडतो. शरीरातील पाण्याच्या प्रमाणामुळे वजन रोज वरखाली होते आणि सेवन तर त्याहूनही अधिक बदलते. काही आठवड्यांच्या सरासरीतूनच खरा कल कळतो. दुसरीकडे, आत्मनियमनाला मर्यादा असल्याचे सुखात्मे स्वतःही मानत. मर्यादेबाहेर सेवन सातत्याने वाढले किंवा घटले, तर वजन बदलल्यावाचून राहत नाही.

दारिद्र्यरेषेचा वाद

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देईल इतका खर्च ही त्यांची दारिद्र्यरेषा होती. तिच्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दरिद्री ठरले. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक हे प्रमाण स्वीकारले.

सरासरी गरजेलाच किमान गरज मानल्यामुळे न्यूनपोषितांची संख्या फुगते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. पुरेसे खाणारी पण सरासरीच्या खाली असणारी असंख्य निरोगी माणसे या मोजणीत गरीब ठरतात आणि जे खरोखर उपाशी आहेत त्यांच्याकडे लक्ष केंद्रित होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या नियतकालिकातून या प्रश्नावर मोठा वाद झाला. दांडेकर आणि सुखात्मे हे दोघेही त्या वेळी पुण्यात कार्यरत होते. दोघांचे शिक्षण संख्याशास्त्राचे आणि विषयही एकच असल्याने हा वाद विशेष तपशिलात गेला.

दांडेकर यांचा मुख्य आक्षेप असा होता, की पाहण्यांतील आकडे एका व्यक्तीचे नसून कुटुंबांच्या मोठ्या गटांचे असतात. एखादी व्यक्ती योगायोगाने कमी खात असेल, पण सर्वांत गरीब स्तरातील सगळीच कुटुंबे कमी खातात, ती पैसा नसल्यामुळे. तेथे व्यक्तिगत फरकाचे गणित लावणे गैर आहे. सी. गोपालन यांनी वैद्यकीय बाजूने टीका केली. कमी अन्नावर जगणारे शरीर संतुलन साधते, पण ते खुरटलेली वाढ आणि घटलेली कामाची ताकद या किमतीवर साधते. अशा तडजोडीला आरोग्य म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी याच सुमारास लहान चणीची माणसेही निरोगी असू शकतात, असे मत मांडले होते. त्यामुळे ही टीका अधिक तीव्र झाली. दररोजच्या सेवनातील परस्परसंबंधावरून शरीराची कार्यक्षमता बदलते असे सिद्ध होत नाही, अशीही हरकत अनेक अभ्यासकांनी घेतली.

पुढील संशोधनाने या वादाचा निकाल एकतर्फी लावला नाही. गरज ही एक संख्या नसून वितरण आहे आणि सरासरीला किमान मर्यादा मानणे चूक आहे, हा सुखात्मे यांचा मुद्दा सर्वसाधारणपणे मान्य झाला. मात्र वजन व काम कायम ठेवून शरीर केवळ कार्यक्षमता बदलून मोठ्या प्रमाणावर जुळवून घेते, या दाव्याला पुरेसा प्रायोगिक आधार मिळाला नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालाने ऊर्जेची गरज सेवनावरून न ठरवता खर्चावरून ठरवण्याचा मार्ग स्वीकारला. माणूस किती खातो यापेक्षा, निरोगी राहून आवश्यक ते काम करण्यासाठी त्याला किती ऊर्जा लागते, हा प्रश्न त्यामुळे मध्यवर्ती झाला.

स्वच्छता, पाणी आणि समाजकार्य

केवळ धान्य वाटून कुपोषण हटणार नाही, असे सुखात्मे उत्तरायुष्यात आग्रहाने सांगत. दूषित पाणी, उघड्यावरील शौच आणि आतड्यांतील जंत यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून शुद्ध पाणी, शौचालये व आरोग्यसेवा यांना पोषणाच्या धोरणात अन्नाइतकेच स्थान हवे, असा त्यांचा विचार होता. रोजच्या जेवणात पालेभाज्यांचा समावेश करण्यावरही त्यांचा भर होता. त्या काळी ही भूमिका अन्नाच्या तुटवड्यावरून लक्ष हटवणारी म्हणून टीकेस पात्र ठरली. मुलांमधील वारंवार होणारे अतिसार आणि खुरटलेली वाढ यांचा संबंध नंतरच्या काळात पोषणशास्त्रात महत्त्वाचा मानला जाऊ लागला.

पुण्यात कष्टकरी लोकांना माफक दरात सकस जेवण मिळावे, या हेतूने सुरू झालेल्या इंदिरा सामुदायिक स्वयंपाकगृहाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. २८ जानेवारी १९९७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

ग्रंथ व लेखन

सुखात्मे यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

सॅम्प्लिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ ॲप्लिकेशन्स (१९५४) – नमुना सर्वेक्षणाचा सिद्धान्त व उपयोजन. १९७० ची सुधारित आवृत्ती बी. व्ही. सुखात्मे यांच्यासह.

द वर्ल्ड्स हंगर अँड फ्यूचर नीड्स इन फूड सप्लाइज (१९६१) – रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढील निबंध.

फीडिंग इंडियाज ग्रोइंग मिलियन्स (१९६५) – भारताची वाढती लोकसंख्या व अन्नाची गरज.

न्यूट्रिशन अँड पॉव्हर्टी (१९७७) – लालबहादूर शास्त्री स्मृती व्याख्यान.

सन्मान आणि वारसा

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय पदक (१९६३) आणि पद्मभूषण (१९७१) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. भारत सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

पीक कापणीचे प्रयोग, नमुना पाहणीचा पाठ्यग्रंथ आणि न्यूनपोषणाच्या मोजमापाची पद्धत या तीन गोष्टींमुळे सुखात्मे यांचे नाव संख्याशास्त्राबाहेरही ज्ञात आहे. भारतातील अनेक कुटुंबांत आज न्यूनपोषण आणि अतिपोषण एकाच वेळी आढळते. अशा काळात किती उष्मांक पुरेसे, कोणाला, कोणत्या कामासाठी आणि किती दिवसांच्या सरासरीने, हे त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न दारिद्र्याच्या अभ्यासकांपुढे आणि आहारतज्ज्ञांपुढे कायम आहेत.